स्टुलाला परवानगी लागते

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकात हातात वही धरून रेखाटन करायला सहसा कुणी अडवत नाही. त्याच वहीसाठी घडीचं स्टूल उघडलं की मात्र मामला लेखी होतो. १९५९ च्या नियमांत यादीच आहे: कॅमेऱ्याचा स्टँड, स्टूल, खुर्ची, मोठी छत्री, ड्रॉइंग बोर्ड, ईझल (चित्राचा बोर्ड उभा करायची तिवई). यातलं काहीही आत न्यायचं तर पुरातत्त्व अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. २०२४-२५ च्या हिवाळ्यात मी ती काढली आणि देवगिरीच्या पायथ्याशी बसून जलरंगात चित्र केलं. त्याआधी आणि नंतरही जालना-संभाजीनगरच्या आसपास ईझल आणि कॅमेरा घेऊन हिंडले. हे सगळं आधी कुणी लिहून ठेवलेलं असतं तर माझे बरेच फोन वाचले असते, म्हणून लिहायला घेतलं.

मी जालन्यात एका पतसंस्थेत हिशेबाचं काम बघते. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेतल्या एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा. पुढे रंगपेटी माळ्यावर गेली, ती मुलगी पुण्याला शिकायला गेल्यावर खाली उतरली. नंतर काही वर्षं घरात बसून, मोबाइलमधले फोटो बघूनच निसर्गचित्रं करत होते. चित्रं बरी दिसायची, पण सगळ्या सावल्या एकसारख्या काळ्या. मोबाइल सावलीतला कातळ सरसकट काळा करून टाकतो, आणि त्याच्या रुंद लेन्समुळे लांबचे डोंगर बुटके होतात. आपल्याकडचे डोंगर आधीच सपाट माथ्याचे. फोटोत ते पार झोपून जातात. (दुप्पट झूमवर फोटो घेतला की हा दोष बराच कमी होतो. हे कुणी मला आधी सांगायला हवं होतं.) जागेवर बसून रंगवलं तरच सावलीतला जांभळा दिसणार, हे कळत होतं. पण घराबाहेर बसून रंगवायचं म्हणजे लोकांसमोर रंगवायचं, आणि भीती वाटत होती ती त्याचीच.

ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आधी, जालन्याच्याच मोती तलावावर सुरुवात केली. पहिल्या वेळी फक्त कॅमेरा नेला, कारण कॅमेऱ्याकडे हल्ली कुणी वळूनही बघत नाही. कुंचला बाहेर काढला की पाच मिनिटांत मागे चारजण उभे. फिरायला येणारे आजोबा, शेंगदाणेवाला, शाळा बुडवलेली दोन पोरं. मला वाटलं होतं लोक चित्राला नावं ठेवतील. एकानेही ठेवली नाहीत. त्यांना वेगळंच हवं होतं: हे विकायचं आहे का, किती मिळतात, कोणत्या शाळेत शिकवता. आठवडाभरात या तीन प्रश्नांची उत्तरं तयार झाली आणि हात थोडा मोकळा झाला. ज्यांना माझ्यासारखाच संकोच आहे त्यांनी पाठ भिंतीला किंवा झाडाच्या बुंध्याला लावून बसावं. मागे उभं राहायला जागाच उरत नाही.

सामानाचं थोडक्यात सांगते. घडीचं अॅल्युमिनियमचं ईझल मला सोळाशेला पडलं, स्टूल साडेचारशेला. कागद जाड, ३०० जीएसएमचा, पूर्ण सुती, क्वार्टर इंपिरियल म्हणजे ११ बाय १५ इंच. याहून मोठा कागद वाऱ्यात आवरत नाही आणि ऊन फिरायच्या आत भरूनही होत नाही. रंग मोजकेच नेते: अल्ट्रामरीन (गर्द निळा), बर्न्ट सिएना (विटकरी तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), एक लाल, एक लिंबू पिवळा. मराठवाड्यातला बराचसा भूभाग पहिल्या दोन रंगांत निघतो. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन एकत्र केले की करडा मिळतो, आणि अल्ट्रामरीनचे कण कागदावर सुटे बसत असल्यामुळे कातळाचा खरखरीतपणा आपोआप येतो. काळ्या रंगाची ट्यूब मी घरीच ठेवते. काळी जमीन सकाळच्या उन्हात काळी नसतेच, ती तपकिरी-जांभळी असते. नांगरलेल्या ढेकळांच्या उन्हाकडच्या कडा तर चक्क निळसर दिसतात.

प्रवास एसटीने. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जालना ते संभाजीनगर तेव्हा पन्नास रुपयांच्या आतबाहेर पडायचं. ईझल बॅडमिंटनच्या रॅकेटच्या पिशवीत घालून मांडीवर घेतलं की कंडक्टरही काही म्हणत नाही. सोबत नणंद यायची. तिला चित्रात काडीचा रस नाही, ती मोबाइलवर मालिका बघत बसते. पण एकट्या बाईपेक्षा दोन बाया बऱ्या. शिवाय येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचं काम ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं करते. बायकांसाठी आणखी एक गोष्ट, जी चित्रकलेच्या पुस्तकात सापडणार नाही: जागा निवडताना देखाव्याआधी जवळचा पेट्रोल पंप किंवा वस्ती बघा. पाणी कमी पिऊन उन्हात बसण्याचा उपाय करू नका, डोकं धरतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला मंठा रस्त्यावरच्या एका गावाजवळ बांधावर ईझल लावलं. समोर तुरीचं पिवळं शेत, पलीकडे वेचणीला आलेला कापूस, मोसंबीची बाग आणि मागे फिकट निळी टेकड्यांची ओळ. पहिला वॉश (पातळ रंगाचा थर) टाकला तेव्हा साडेसात वाजले होते. हवेत गारठा आणि दव असल्यामुळे कागद वाळायचं नाव घेईना. त्याची वाट बघत बसले होते तेवढ्यात तीन माणसं भरभर चालत आली. पुढचे पागोटेवाले काका लांबूनच म्हणाले, “मोजणी करायलेत का?”

मला अर्थ लागायला वेळ लागला. जालना-नांदेड महामार्ग याच पट्ट्यातून न्यायचा आहे. तो समृद्धीला जोडायचा, त्यासाठी तेव्हा भूसंपादन सुरू होतं आणि दरावरून नाराजी होती. अशा गावात कुणीतरी तीन पायांचं यंत्र बांधावर उभं करून त्याच्यामागून शेताकडे डोळे बारीक करून बघत असेल, तर माणसाने दुसरं काय समजायचं?

“नाही काका, चित्र काढतेय,” मी म्हणाले.

“कोणत्या हापिसातून आलात?”

“हापिस नाही हो,” नणंद मालिका थांबवून उठली. “आमच्या वहिनीला नाद आहे. जालन्याच्या आहोत आम्ही. तुमचं शेत पसंत पडलं त्यांना.”

काकांनी ईझलला मागून-पुढून फेरी मारली. भिंग, तार, नकाशा असलं काही नाही याची खात्री झाल्यावर चित्रात वाकून बघितलं आणि विचारलं, “मग विहीर कुठंय?”

विहीर मी गाळली होती. काठावरचं सिमेंटचं कडं आणि मोटारीची पेटी चित्रात खुपत होती. ते काकांना पटेना. संपादनात विहिरीचे आणि फळझाडांचे पैसे वेगळे धरतात, ते म्हणाले, आणि इथे तर विहीरच नाही! मग कॅमेरा बघून त्यांनी मुद्द्याचं काढलं: विहीर आणि मोसंबीची झाडं नीट दिसतील असे चार फोटो काढा, तारखेसकट. मी काढले. कॅमेऱ्यात तारीख छापायची सोय असते, मी ती आयुष्यात पहिल्यांदा चालू केली. नंतर घरून चहा आला, आणि दुपारपर्यंत मला कुणीही काही विचारलं नाही. उलट रस्त्याने जाणाऱ्यांना काकाच सांगत होते, “चित्रवाल्या मॅडम आहेत, मोजणीवाल्या नाहीत.”

तेव्हापासून क्रम ठरून गेला. आधी जवळच्या घरी किंवा आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) जायचं, राम राम घालायचा, वहीतली जुनी चित्रं दाखवायची, बसू का म्हणून विचारायचं, आणि मगच ईझलची पिशवी उघडायची. वीस मिनिटं जातात. डिसेंबरात ऊन सातच्या सुमारास वर येतं आणि दहानंतर सावल्या सपाट होतात, म्हणून ही वीस मिनिटं उजाडायच्या आधीची धरावीत. शेतावर माणूस तेव्हा उठलेलाच असतो.

आता देवगिरी. नोव्हेंबरात नुसती वही घेऊन जाऊन आले होते. तिकीट पंचवीस रुपये. गेटवर विचारलं तर सांगितलं की ईझल-स्टूल आणायचं असेल तर ऑफिसचं पत्र लागेल. म्हणून डिसेंबरमध्ये एक दिवस अर्धी रजा टाकून संभाजीनगरातल्या पुरातत्त्व कार्यालयात गेले. अर्जाचा छापील नमुना असेल असं वाटलं होतं, पण साध्या कागदावरच अर्ज करायचा होता. अधीक्षक पुरातत्त्वविद यांच्या नावे. मी त्यात लिहिलं ते असं: मी कोण, चित्र कशासाठी (स्वतःसाठी, विक्रीसाठी नाही), कुठली तारीख, किती ते किती वाजता, किल्ल्याच्या कोणत्या भागात, आणि सामानाची यादी मापांसकट. टेबलामागच्या गृहस्थांनी दोन गोष्टी वाढवायला सांगितल्या. बोर्डाचं माप, आणि रंग तेलाचे की पाण्याचे. शेवटी हमीपत्र: भिंतीला, दगडाला काही टेकवणार नाही, काही लावणार नाही, पाणी सांडणार नाही, पर्यटकांची वाट अडवणार नाही. सोबत आधार कार्डाची झेरॉक्स आणि जुन्या एका चित्राची रंगीत प्रत. ही प्रत कुणी मागितली नव्हती, पण तिच्याने बोलणं सोपं झालं. खर्च झेरॉक्सचा आणि रिक्षेचा.

पोच घ्यायला विसरू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख. पुढच्या प्रत्येक फोनवर आधी आवक क्रमांक विचारतात, तो तोंडपाठ असला की दोन मिनिटांत काम होतं. उत्तर यायला तीनेक आठवडे गेले, त्यात नाताळ आणि नवीन वर्षाच्या सुट्ट्याही आल्या. मधल्या काळात मी फार अस्वस्थ होते हे कबूल करते. एवढा अर्ज-बिर्ज करून चित्र बिघडलं तर, हा विचार रोज रात्री यायचा. व्यावसायिक चित्रकाराला असं होत नसावं, किंवा होत असेल तरी तो सांगत नसावा.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं: दोन ठरलेल्या तारखा, वेळ सकाळची, अटी वर लिहिल्याच. इथे एक सूचना. अर्जात नेमकी तारीख टाकण्याऐवजी “अमुक ते अमुक या पंधरवड्यातले कोणतेही दोन दिवस” अशी विनंती करून बघा. मला मिळालेल्यापैकी पहिल्या दिवशी सकाळभर ढग होते. परवानगी हातात, ईझल उभं, आणि डोंगर नुसता एक करडा ठोकळा. त्या दिवशी फक्त पेन्सिलने अभ्यास केला.

तो अभ्यास पुढे कामाला आला, कारण देवगिरीचा आकार वाटतो तितका सोपा नाही. लांबून शंकूसारखा डोंगर दिसतो, पण त्याचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून उभा कडा केलेला आहे. वर नैसर्गिक उतार, खाली माणसाने कापलेली भिंत, तिच्या पायाशी खंदक. यादवांच्या राजधानीचं सगळं बळ या तासलेल्या भागात होतं. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी इथे हलवायचं ठरवलं तेही काही उगाच नसावं. चित्रात हा कडा उताराहून वेगळा दिसला नाही तर देवगिरी कुठलीही टेकडी होऊन बसते. उताराला मी ओल्यावर ओला रंग सोडला, कड्याला कोरड्या कागदावर सपाट कुंचला उभा ओढला. पुढे पंधराव्या शतकातला चांद मिनार. त्याची उभी रेघ आणि डोंगराचा तिरका उतार यांच्यामधली मोकळी जागा आधी काढली, मिनार नंतर. मोकळी जागा बरोबर आली की मिनार चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन लख्ख होतं. नऊपर्यंत शांतता. मग वानरं आली. त्यांना रंगात नाही, पिशवीत रस असतो, म्हणून खाण्याचं काही आत नेऊच नये. दहा वाजता सहली आल्या. जानेवारीत देवगिरीवर सहलींच्या लाल बस एकामागून एक लागतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं, मुलीच्या सहलीचे पैसे मीच भरायची. “मॅडम, माझं काढा ना!” “मॅडम, हे ढग का नाही काढले?” एक गुरुजी पोरांना म्हणाले, “बघा, इंटरमिजिएटला असंच येतं, निसर्गचित्र.” मी मान हलवली आणि हसू दाबलं. साडेदहाला सगळं आवरलं. चित्र ऐंशी टक्के झालं होतं, उरलेलं घरी, कॅमेऱ्यातल्या फोटोंवरून. फोटो एकाच जागेवरून तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरला (म्हणजे कमी-जास्त उजेड धरून) घेतले होते, एक आकाशासाठी, एक मधला, एक सावल्यांसाठी. रंगवणाऱ्याला एकाच सुंदर फोटोपेक्षा हे तीन कुरूप फोटो जास्त उपयोगी पडतात.

फेब्रुवारीत फोटोग्राफीसाठी पैठणकडे गेले. जायकवाडी धरणाची भिंत जवळपास दहा किलोमीटर लांब, दरवाजे सत्तावीस. पण भिंत आणि दरवाजे हा सुरक्षेचा विषय आहे, तिथे कॅमेरा काढू नये. मला हवा होता तो फुगवटा, म्हणजे धरणामागे पसरलेलं पाणी. सप्टेंबरमध्ये नाथसागर (जायकवाडीचा जलाशय) भरला होता, त्यामुळे काठचा चिखल उशिरा उघडा पडला आणि रोहित पक्षीही कमीच, खूप लांब, गुलाबी रेघेसारखे. माझ्याकडच्या साध्या लेन्समध्ये ते ठिपकेच येतात. थोडी निराशा झाली, पण तिथे दिसलेली दुसरी गोष्ट मी विसरले नाही. पाणी मागे हटतं तसतशी मोकळ्या झालेल्या जमिनीवर गाळपेर होते, आणि दर पट्टीतलं पीक वेगळ्या वयाचं असतं. पाण्याजवळ ओला काळा गाळ, मग कोवळा हिरवा, मग गर्द, मग पिकत आलेला पिवळा. निळ्यापासून पिवळ्यापर्यंत सगळे रंग ओळीने लावलेले. एवढं सोपं निसर्गचित्र मला कधी मिळालं नव्हतं. मासेमाऱ्यांना विचारून त्यांच्या थर्माकोलच्या तराफ्यांचे फोटो घेतले. पक्षी अभयारण्य असल्यामुळे चिखलात उतरून पक्ष्यांच्या मागे जाऊ नये, काठावर बसावं. बसलेल्या माणसाला बगळे लवकर विसरतात.

अजिंठ्याला लेण्यांसमोरच्या व्ह्यू पॉइंटवर एक दुपार काढली, फक्त वही घेऊन. (लेणी सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, हे नीट लक्षात ठेवावं, दोन्हींची अदलाबदल फार जणांची होते.) तिथे बसल्यावर रॉबर्ट गिल हा ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार आठवतो. १८४४ पासून त्याने लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करण्यात वर्षानुवर्षं घालवली आणि त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला. आपली वही एसटीत विसरू नये म्हणून मी पिशवीला बांधून ठेवते, त्यामागे थोडा त्याचाही हात आहे.

मार्च उजाडला आणि हंगाम संपला. पळस फुलला होता, पण दहाच्या आत वॉश कागदावर पडल्या पडल्या वाळायचा आणि कडा कडक व्हायच्या. पाण्याचा स्प्रे, बोर्डाखाली ओला रुमाल, रंगात दोन थेंब ग्लिसरीन, हे सगळं करून बघितलं. आठपर्यंत उपयोग होतो, पुढे ऊनच जिंकतं. सगळा हिशेब केला तर सामानावर साडेचार हजार, प्रवासावर दीड हजाराच्या घरात. तिकिटं, चहा आणि प्रिंट वेगळे.

प्रिंट म्हणजे मंठा रस्त्यावरच्या काकांचे. होळीनंतर त्यांच्याकडे गेले, तारीख छापलेले चार फोटो आणि चित्राची एक प्रत घेऊन. यावेळी चित्रात विहीर होती. नवीन कागदावर पुन्हा केलं होतं, मोटारीच्या पेटीसकट, आणि खरं सांगायचं तर पेटीच्या लाल ठिपक्याने चित्राला जोर आला होता. काकांनी फोटो प्लास्टिकच्या पिशवीत सातबाऱ्याच्या कागदांबरोबर ठेवले. चित्र मात्र हातभर लांब धरून बराच वेळ बघितलं, ओठ हलवत. मला वाटलं आवडलं. ते झाडं मोजत होते.

“मोसंबी दोन ओळी कमी काढल्यात मॅडम,” ते म्हणाले.